आज्ञा देवाची आणि भार दुसऱ्यावर

नाशकात 'शरणपूर रोड' हे शब्द दिवसातून शेकडो वेळा उच्चारले जातात. रिक्षावाला ते उच्चारतो, दुकानांच्या पाट्यांवर ते असतात, टपालाच्या पत्त्यात असतात. परंतु या नावात एक वस्ती आणि एक विचार दडलेला आहे, याची आठवण ते उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांस असेल. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली गावाबाहेर वसविलेल्या ख्रिस्ती वस्तीचे हे नाव. घरातून तुटलेल्या आणि जातीने टाकलेल्या माणसांनी येथे आसरा घ्यावा, हा त्या नावातील हेतू. पण मराठीत 'शरण' या शब्दास दुसरीही एक छटा आहे, आणि ती पहिलीहून अवघड आहे. शरण येणारा आसरा घेतो, तर शरण जाणारा आपली इच्छा खाली ठेवतो. आम्हां ख्रिस्ती मंडळींस पहिला अर्थ फार प्रिय आहे. दुसरा आम्ही विसरत चाललो आहो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा अर्थ होय.

हे ख्रिस्ती घरांतले बोलणे; त्याच्याशी आम्हांस काय कर्तव्य, असे इतर वाचकांनी कृपा करून म्हणू नये. वारी असो, व्रत असो, नवस असो की दान असो, जेथे जेथे माणूस 'देवासाठी' म्हणून काही करतो, तेथे हा प्रश्न उभा राहतोच. आम्ही आमच्या घरातील उदाहरणे घेतो, एवढेच.

देवाच्या आज्ञापालनाविषयी आमच्या समाजात दोन मते रूढ आहेत. पहिले मत असे, की हा साधुसंतांचा, मिशनऱ्यांचा आणि हुतात्म्यांचा प्रांत आहे. आम्ही पडलो प्रपंची. रविवारी उपासनेस जावे, मुलांस प्रार्थना शिकवावी, कोणाचे वाईट चिंतू नये, एवढे पुरे. दुसरे मत याच्या अगदी उलट. ते असे, की ज्यास देवाची हाक आली त्याने मागेपुढे पाहू नये. घर, मिळकत, आप्त यांची काळजी वाहणे ही श्रद्धेतील उणीव होय. पहिले मत आळशी माणसास सोयीचे आहे, दुसरे हट्टी माणसास. आमच्या मते दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे. आज्ञापालन म्हणजे आयुष्यात क्वचित येणारा एखादा मोठा प्रसंग, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. एक म्हणतो, तो प्रसंग आपल्या वाट्यास येणारच नाही. दुसरा म्हणतो, तो एकदा आला की बाकी सारे माफ.

प्रथम पहिल्या पक्षाचा विचार करू. ज्या प्रभूचे नाव आम्ही घेतो त्याचे चरित्र शुभवर्तमानांत कसे वाटले गेले आहे ते पाहावे. बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला आपणांस दिसतो. त्यानंतर तो आईबापांबरोबर नासरेथास परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लूक सांगतो. पुढे सुमारे तिसाव्या वर्षी तो लोकांपुढे आला. मधल्या अठरा वर्षांत काय झाले? एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही. सुताराचे घर, रंधा, करवत, गिऱ्हाइकास दिलेला शब्द आणि आईची कामे! ज्यास जगाच्या उद्धारास पाठविले, असे आम्ही मानतो, त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग कोणास सांगण्याजोगे काही न घडता गेला. ती अठरा वर्षे वाया गेली असे म्हणण्याचे धाडस ज्यास असेल त्याने खुशाल म्हणावे, की प्रपंची माणसास आज्ञापालनाचा अवसर नाही.

त्याच प्रभूने दोन मुलांची गोष्ट सांगितली. बापाने दोघांसही मळ्यात कामास जाण्यास सांगितले. एक 'जात नाही' म्हणाला, पण मागाहून पस्तावून गेला. दुसरा मोठ्या अदबीने 'जातो' म्हणाला आणि गेलाच नाही. आम्ही सुशिक्षित ख्रिस्ती या दुसऱ्या मुलाचे वंशज आहो. आमचे 'जातो' फार सुरेल असते. ते आम्ही चार आवाजांत, पेटीच्या साथीवर म्हणतो. परंतु या होकाराची खातरजमा होते ती सोमवारी, मळ्यात. आणि त्या दिवशी आमची हजेरी लागत नाही.

हे मळ्यातले काम कसे असते याचे एक उदाहरण शरणपुरातच घडले आहे. अरबांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी काहींस मुंबईहून शरणपुरास आणून तेथे शिक्षण आणि धंदा शिकवीत असत. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. तो पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात सामील झाला. मे १८७३ मध्ये मध्य आफ्रिकेतील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. आता धनी नाही, पगार देणारा नाही, हुकूम करणारा नाही. तांड्यातील माणसांनी सामान वाटून घेऊन आपापली वाट धरली असती, तर त्यांस दोष देणारा तेथे कोण होता? परंतु सूसी आणि चूमा यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी ठरविले, की देह त्याच्या माणसांकडे पोहोचवावयाचा. हृदय तेथेच झाडाखाली पुरले, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत, सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रकिनारी पोहोचले. वाटेत त्यांच्यातील काही माणसे दगावली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीबरोबर चालणारांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

ॲबीतील तो एक दिवस लोकांच्या लक्षात राहिला, हे साहजिक आहे. पण आमच्या दृष्टीने मोल आहे ते वाटेतील नऊ महिन्यांचे. रोज पहाटे उठावयाचे, आणि काल उचललेले ओझे आज पुन्हा उचलावयाचे की नाही हे पुन्हा ठरवावयाचे. आज्ञापालन याहून निराळे नसते. आणि दुसरी गोष्ट अशी, की ओझे त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर होते. ही दुसरी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण तिच्यावाचून दुसऱ्या पक्षाचे खंडन होणार नाही.

दुसरा पक्ष म्हणजे 'देवाने मला सांगितले' म्हणणारांचा. या पक्षाविषयी बोलताना जपून बोलावे लागते, कारण त्यात खरोखर थोर माणसेही आहेत. म्हणून सर्वांत थोर उदाहरणच घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मनाने ते ख्रिस्ताचे झाले होते. ते लपवून ठेवणे त्यांस असत्य वाटले, आणि त्यांनी ते लपविले नाही. हा निर्णय सत्य होता, त्यास धैर्य लागले, आणि मराठी कविता व मराठी ख्रिस्ती मंडळी या दोघीही त्याबद्दल त्यांच्या ऋणी आहेत. पण हा निर्णय पत्नीस बरोबर घेऊन झालेला नव्हता. लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, पदरी लहान मूल. त्यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीने दिवस कसे काढले असतील, हे 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. पुढे संसार पुन्हा जुळला, तरी टिळकांचा हात सढळच राहिला. गरजू दिसला की खिसा रिकामा. निराधार दिसला की तो घरी. देणारे टिळक, चूल कशी पेटवावयाची याचा विचार करणाऱ्या लक्ष्मीबाई!

टिळकांचा न्याय करण्यास आम्ही बसलेलो नाही. तो अधिकार एका व्यक्तीस होता, आणि तिने तो हसत हसत, मनात कडवटपणा न ठेवता बजावला आहे. आमचा प्रश्न टिळकांविषयी नाही, त्यांच्या चरित्रातून आम्ही जे उचलले त्याविषयी आहे. टिळकांची आज्ञाधारकता आम्ही व्याख्यानांतून गातो. पण त्या आज्ञेचा निम्माअधिक भार ज्या खांद्यांनी वाहिला त्यांस आम्ही 'सोशिक पत्नी' म्हणून बाजूस बसवितो. मग टिळकांची प्रतिभा नसलेला, त्यांची निर्मळता नसलेला, पण त्यांचे उदाहरण तोंडपाठ असलेला गृहस्थ उठतो. घरी न विचारता साठविलेली पुंजी एखाद्या कार्यास देऊन टाकतो, म्हाताऱ्या आईस भावाच्या दारी ठेवून 'सेवेस' निघतो, आणि विचारणाऱ्यास सांगतो, देवाची आज्ञा! या वाक्यापुढे बायको बोलत नाही, मुले बोलत नाहीत, पाळकही बोलत नाहीत. सगळ्या वादांचा निकाल एका शब्दात लावून टाकणारे असे सोयीचे वाक्य दुसरे नाही.

हे वाक्य नवे नाही, आणि प्रभूने त्याचा समाचार घेतलेला आहे. आईबापांच्या पोषणास लागणारे द्रव्य 'कुर्बान', म्हणजे देवास अर्पण, असे जाहीर केले की त्यांस देण्याचे बंधन उरत नाही, अशी पळवाट त्या काळच्या शास्त्र्यांनी काढली होती. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने या पळवाटेचा जितका कडक निषेध केला आहे तितका त्याने जकातदारांचा आणि पाप्यांचाही केलेला नाही. कारण उघड आहे. पापी माणूस देवाची आज्ञा मोडतो. कुर्बानवाला देवाच्या नावानेच देवाची आज्ञा मोडतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पेत्राने जाळी टाकली, जब्दीच्या मुलांनी बाप तारवात सोडला आणि ते प्रभूच्या मागे गेले, हे शुभवर्तमानातच नाही काय? नांगरास हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यास योग्य नाही, हेही त्याच प्रभूचे बोलणे ना? होय, आहे. हाक येते, आणि कधी कधी ती घरादाराच्या वर असते. हे नाकारून आम्हांस ख्रिस्ती राहता येणार नाही. परंतु ज्याने हाक दिली त्याने स्वतः काय केले तेही पाहा. त्याच पेत्राच्या घरी जाऊन त्याने तापाने फणफणलेली त्याची सासू बरी केली. पेत्राची पत्नी पुढे त्याच्याबरोबर प्रवासास असे, हे पौलाच्या पत्रावरून कळते. आणि वधस्तंभावर, ज्याहून मोठे आज्ञापालन आम्ही जाणत नाही त्या घटकेस, श्वास कोंडत असताना त्याने योहानास बोलावून आपली आई त्याच्या स्वाधीन केली. जगाचे पाप वाहणाऱ्यास त्या क्षणी आईच्या निवाऱ्याचा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. आम्हांस मात्र एखाद्या समितीच्या बैठकीस जातानाही तो क्षुल्लक वाटतो!

महाराष्ट्रास ही गोष्ट परकी नाही. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, तेव्हा साक्षात देव दारी आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. देवास उभे राहण्यास वीट दिली आणि थांबावयास सांगितले. या कथेत देव रागावला असता तर पंढरपूर झालेच नसते. तो थांबला, आणि अजून थांबलेला आहे. गंमत अशी, की वियोगाच्या त्या वर्षांत लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरासही राहिल्या होत्या. विटेवरचा तो देव कोणासाठी थांबला आहे हे त्या बाईहून अधिक कोणास कळले असेल?

पण म्हणून लक्ष्मीबाईंस कोणी मुकाट सोसणारी ठरवू नये. ती त्यांच्यावर दुसरी अन्यायाची पाळी होईल. नवऱ्याची आज्ञा तीच देवाची आज्ञा, हे सोपे समीकरण त्यांनी मानले नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्याच्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. ज्या बापाच्या घरी सोवळ्याचा अतिरेक आजाराच्या थरास गेला होता, त्या घरची ही मुलगी. जातिभेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी झगडून सोडविला. आणि ते माणसांनी केलेले आहेत असे पटताच सोवळे सोडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. आमच्या मते टिळकांच्या निर्णयाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, हा शरण जाण्याचा प्रकार खरा आहे. ज्याचा त्याग केला ते लक्ष्मीबाईंचे स्वतःचे होते, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली.

आता आमच्या आजच्या घरांकडे वळू. लक्ष्मीबाईंनी जे सोडले ते आम्ही पुन्हा गोळा करीत आहो. लग्न जुळविताना स्थळ ख्रिस्ती आहे एवढ्यावर आमचे भागत नाही. 'पण मूळचे कोण?' हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातोच. भांडी घासणाऱ्या बाईचा कप अजून कित्येक घरांत वेगळ्या फळीवर असतो. त्या फळीच्या वरच, भिंतीवर, प्रभुभोजनाचे चित्र असते. तेथे एकाच प्याल्यातून बारा जण पितात, हे आमच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्यांस बोल लावणाऱ्याने स्वतःचा हिशेब आधी द्यावा हे रास्त आहे, म्हणून देतो. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या कापणीच्या सणास आम्ही आमच्या ऐपतीच्या मानाने बरीच मोठी रक्कम दिली. नाव वाचले गेले, लोकांनी माना डोलावल्या, आम्हांसही आत कोठेतरी ऊब वाटली. त्याच महिन्यात हातात पैसा उरला नाही, म्हणून आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार आठ दिवस लांबला. चौथ्या दिवशी बाईंनी दारात उभे राहून, पदर सावरीत, फार नम्रपणे विचारले, "सर, मुलाच्या क्लासची फी भरायची होती; जमेल का?" आम्ही 'दोन दिवस थांबा' म्हणालो. दान आमच्या नावावर पडले. ते दिले त्या बाईंनी, त्यांच्या मुलाच्या फीतून. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि ती आम्हांस पाठ होती. कुर्बानवाल्यांचा अध्याय आम्ही किती वेळा वाचला असेल. तो आपल्यावर लिहिला आहे हे त्या दिवशी कळले.

कोणी म्हणेल, की मग हे सारे नीतीने वागणेच झाले. यात देव कोठे आला? प्रश्न योग्य आहे. नीती आम्हांस काय करावे ते सांगते; पण आपली इच्छा किती सोंगे घेऊन येते हे केवळ नीतीने ओळखता येत नाही, आणि तिचे सर्वांत बेमालूम सोंग भक्तीचे असते. त्यासाठी प्रार्थना लागते. गेथशेमाने बागेत प्रभूने आपली इच्छा आधी उघड बोलून दाखविली, आणि मग ती पित्याच्या हाती सोपविली. आमची प्रार्थना उलट चालते. आम्ही आमची योजना आधी पक्की करतो, तिला देवाची इच्छा असे नाव देतो आणि मग देवाने खाली सही करावी म्हणून डोळे मिटतो. अशी प्रार्थना कितीही लांब झाली तरी तिच्यात शरण जाणे नाही.

तेव्हा मोठ्या हाकेची वाट पाहत बसणारांस, आणि ती आली असे जाहीर करणारांस, आमची विनंती एकच आहे. आपण देवासाठी जे जे करतो त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो ते दिवस संपताना एकदा पाहावे. तो आपल्याच खांद्यावर असेल तर पुढे चालावे. वेनराइट चालला तसे चालावे. तो न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर टाकला असेल, तर ती आज्ञा देवाची नसून आपली होती असे समजावे, आणि ओझे काढून घ्यावे. मात्र हा हिशेब आपला आपण करू नये. आपण आपल्यास फार सवलत देतो. ज्याने भार वाहिला त्यास विचारावे. लक्ष्मीबाईंनी आपला जमाखर्च स्वतःच लिहून ठेवला, म्हणून तो आपणांस कळला. इतर घरांतून 'स्मृतिचित्रे' लिहिली जात नाहीत. तेथे जाऊन, समोर बसून, ती विचारून घ्यावी लागतात, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहावे लागते.